चुलीपासून पाच फूट नऊ इंच

आजच्या या सत्कार व निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष माननीय भैय्यालालजी सार्वे, प्रमुख पाहुणे केंद्रप्रमुख माननीय यादोरावजी हटवार साहेब, मुख्याध्यापक माननीय योगेंद्र भेंडारकर सर, पुरस्कारप्राप्त उपक्रमाच्या मार्गदर्शिका मोना मॅडम, मंचावरील आणि मंचाखालील सर्व मान्यवर, जमलेल्या माता-भगिनी, पालक बंधू, आठवीचे सोळाही विद्यार्थी, आणि ज्यांच्यासाठी ही शाल आणलेली आहे त्या श्रीमती शकुनबाई, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

आज गुरुवार, दिनांक १२ फेब्रुवारी २०२६. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी याच समाजमंदिराच्या मागच्या खोलीत शालीची घडी उलगडून किमतीची चिठ्ठी निघाली की नाही हे तपासत होतो. मागच्या वर्षी एका सत्कारात ती चिठ्ठी पाहुण्यांच्या खांद्यावर लोंबत राहिली होती आणि पहिल्या रांगेने ती वाचली. या वर्षी ती चूक नाही. चिठ्ठी माझ्या खिशात आहे.

मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. मी भुपेंद्र. ग्रामपंचायतीच्या संगणकावर बसतो, दाखले काढून देतो. माझे शिक्षण अकरावीपर्यंत. बारावीच्या दारात मी दोनदा उभा राहिलो, पण इंग्रजीने आत घेतले नाही. तरीही शाळेची ऑनलाइन माहिती मीच भरतो, कारण भेंडारकर सर म्हणतात, "भुपेंद्र हळू भरते, पन चुकवत नाही." या वाक्याचा मला फार अभिमान होता. होता, असे मी म्हणालो, याची नोंद घ्यावी.

मला पाच मिनिटे दिली आहेत आणि विषयही दिला आहे: 'ऑनलाइन सहकार्याची साधने आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणात घडलेले परिवर्तन'. निरोपाच्या कार्यक्रमात हा विषय कसा, असे कुणाला वाटेल. त्याचे कारण असे की एकाच मंडपात, एकाच लाउडस्पीकरवर दोन कार्यक्रम उरकायचे ठरले. जिल्हा पातळीवर आपल्या शाळेला दुसरा क्रमांक मिळाला, त्याचा सत्कार. आणि चौदा वर्षे पोषण आहार शिजवणाऱ्या शकुनबाई आजपासून काम थांबवत आहेत, त्यांचा निरोप. या दोन कार्यक्रमांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे आमंत्रणपत्रिकेवरून वाटते. पत्रिका मीच टाइप केली आहे.

तर परिवर्तन. गेल्या जुलैत मोना मॅडम तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आल्या. येताना एक प्रमाणपत्र, एक कापडी पिशवी आणि एक नवी कल्पना घेऊन आल्या. कल्पना अशी की वर्गातल्या सर्व मुलांनी एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहायचे. कुणी आसगावात बसलेला असो, कुणी सिहोऱ्यात, तरी फाइल एकच. अंतर मिटते, हे या साधनाचे मुख्य बळ. विषय ठरला 'आपल्या गावाचा तलाव'. शाळेकडे देणगीतले अकरा टॅब होते. त्यांपैकी सात चालू होते. सोळा मुले, सात टॅब. उद्घाटनाला नारळ फोडला, टॅब चालू केले, आणि तेव्हा कळले की वर्गात रेंज नाही.

रेंज शोधण्यासाठी आम्ही सगळे शाळाभर फिरलो. मुख्याध्यापकांच्या खोलीत नाही. व्हरांड्यात अर्धी दांडी. मुतारीच्या भिंतीजवळ एक दांडी होती, पण तिथे शिक्षण होईना. शेवटी पूर्ण रेंज सापडली ती पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात, मागच्या दाराजवळ, कारण टॉवर तलावापलीकडे आणि त्या बाजूला उघडणारे शाळेत एकच दार. बाहेर धो धो पाऊस. मग सोळा मुले, सात टॅब आणि एकविसावे शतक शकुनबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

मंडळी, दूर राहून एकत्र काम करण्याचे ते साधन आपल्या मुलांनी गुडघ्याला गुडघा लावून वापरले. रुचिका अंजूला फाइलमधून निरोप पाठवायची, 'जरा सरक'. अंजूच्या टॅबवर तो यायला चार सेकंद लागायचे, तोवर रुचिकाचे कोपर पोहोचलेले असायचे.

पहिल्या दिवशी काय झाले ते मी दारात उभा राहून पाहिले. सगळ्यांनी पहिल्याच ओळीत लिहायला घेतले. अंजूने तलावातल्या कमळांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्या डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या.

"माही कमळं कोनं पुसली बे?"

विनोद म्हणाला, "म्या नाही पुसली. थे आपोआप गेली."

"आपोआप जाते का? तुहा अंगठा हाये का कुदळ?"

मोना मॅडम म्हणाल्या, "मुलांनो, सहकार्य करा." हे वाक्य त्यांना प्रशिक्षणात मिळाले होते. मुलांनी आणखी जोरात सहकार्य केले. एक टॅब डाळीच्या डब्यामागे गेला.

तेव्हा शकुनबाई खिचडी ढवळत होत्या. पळी हातातच होती. त्या वळून म्हणाल्या, "काहून भांडून राहिले रे? सोळा जन एकाच जागी वाकले तं रोवना होते का चिखल होते? बांधीत आमी बाया कशा उतरतो, पायलं नाही का कदी? ज्याची त्यानं आपली पात धराची. शेजारनीच्या पातीत हात घालाचा नाही."

इथे बसलेल्या कुणाला पात म्हणजे काय हे मी सांगू नये. पण पाहुण्यांसोबत आलेल्या मंडळींसाठी: बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करताना प्रत्येक बाईच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पात.

रुचिकाने विचारले, "अन् एखादी मांगं राहिली तं?"

"राहिली तं दोन्हीकडच्या बाया तिच्या पातीत रोपाची दोन-दोन चुडं लावून देतेत. पन थे बी तिले इचारून."

त्या दिवशी खिचडी किंचित लागली, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये सोळा रकाने होते. प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाचा रकाना. कुणी कुणाचे पुसले नाही. एखाद्याचे अडले तर शेजारचा आधी विचारायचा, "लिहू का तुह्यात?" आणि मग लिहायचा. सव्वीस पानी प्रशिक्षण-पुस्तिकेत यासाठी एक प्रकरण आहे. ते मी शब्दकोश घेऊन वाचले. त्याचा एकूण अर्थ शकुनबाई जे बोलल्या तोच आहे. त्यांनी मात्र त्याला एक पळीभर वेळ घेतला.

यानंतर टक्केवारीचा प्रश्न आला. हे साधन कुणी किती लिहिले ते मोजून दाखवते. एका सोमवारी मॅडमनी ते वाचून दाखवले. रुचिका एक्केचाळीस टक्के. विनोद दोन टक्के. मॅडम म्हणाल्या, "विनोद, तू काहीच केलं नाही?" मंडळी, हा विनोद आजोबांबरोबर रोज पहाटे त्या तलावात जाळे टाकतो. कुठे किती खोल आहे, मासे कुठल्या कोपऱ्यात थांबतात, कोणत्या वर्षी पार, म्हणजे तलावाचा बांध, फुटली होती, हे सगळे त्याला ठाऊक. पण त्याला टाइप करायला 'क' सापडेपर्यंत 'म' हरवतो. तो बोलायचा आणि रुचिका लिहायची. साधनाला बोटे दिसतात. तोंड दिसत नाही.

शकुनबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मॅडम, परहे उपडून बांधीवर वाहून आननाऱ्या मानसाचा हात रोवन्यात दिसते का? नाही दिसत. पन त्याले मजुरी भेटते का नाही?"

परहे म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपे, हे पुन्हा पाहुण्यांसाठी. मी मॅडमचा मान राखून सांगतो, त्या मोठ्या मनाच्या. त्यांनी त्याच दिवशी नियम केला. तेव्हापासून फाइलमध्ये प्रत्येक परिच्छेदाखाली लिहिलेले असते, 'सांगणारा विनोद, लिहिणारी रुचिका'. 'विचारणारी अंजू'. एका ठिकाणी 'चूक शोधणारा विनोद' असेही आहे, आणि ती चूक रुचिकाची होती. परीक्षकांनी नेमक्या याच गोष्टीसाठी आपल्याला क्रमांक दिला. त्यांच्या शेऱ्यात शब्द आहेत, 'सहभागाची अभिनव नोंदपद्धती'. प्रमाणपत्रावर नऊ नावे आहेत. अध्यक्षांचे आहे, सरांचे आहे, मॅडमचे आहे, टॅब देणाऱ्यांचे आहे, माझेसुद्धा आहे. शकुनबाईंचे नाही. नावांची यादीही मीच टाइप केली होती. मला नऊ नावे लिहून मिळाली होती, आणि मी चुकवत नाही.

अध्यक्ष महोदय, माझी पाच मिनिटे संपली, हे मला दिसते. सरांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. पण विषय अजून परिवर्तनाचाच आहे. मला आणखी थोडा वेळ द्यावा. मी असे कधी मागत नाही, हे आपण जाणता.

स्पर्धेसाठी बेचाळीस रकान्यांचा एक अर्ज होता. डिसेंबरमध्ये मी तो भरला. एकोणतिसावा रकाना होता, 'उपक्रमाचे नेमके ठिकाण'. कुणीही शहाण्या माणसाने तिथे 'शाळा' असे लिहिले असते. पण रकान्यात 'नेमके' हा शब्द होता. मी टेप घेऊन गेलो. मोजले. आणि लिहिले, 'पोषण आहाराचे स्वयंपाकघर, मागच्या दाराजवळ, चुलीपासून सहा फूट'. मग रात्रभर मला वाटत राहिले की सहा फूट बरोबर नाही. सकाळी पुन्हा मोजले. पाच फूट नऊ इंच निघाले. मी दुरुस्ती केली आणि अर्ज पाठवला. फार समाधान वाटले.

अर्जातली माहिती ज्यांनी वाचायला हवी त्यांनी वाचली. २८ जानेवारीला वरिष्ठ कार्यालयातून शाळेला पत्र आले. पत्र एका परिच्छेदाचे आहे. विद्यार्थ्यांना स्वयंपाकघरात, चुलीजवळ बसवणे नियमाविरुद्ध आहे. स्वयंपाकघराची जबाबदारी स्वयंपाकी महिलेची. शाळेने पंधरा दिवसांत खुलासा द्यावा, अन्यथा संबंधित महिलेला कामावरून कमी करण्यात येईल.

मी कार्यालयाला नावे ठेवणार नाही. नियम चांगला आहे. चुलीजवळ लेकरे नकोतच. शकुनबाई स्वतः पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "सर, इथं नोका बसवू लेकराईले, तेल उडते." सर म्हणाले होते, "आठ दिवसांचा प्रश्न आहे, बाई." सर, माझे काही चुकत असेल तर सांगावे. नाही? मग पुढे जातो.

आता खुलासा लिहायचा होता. एक पान. पण आपली शाळा आता पुरस्कारप्राप्त होती. सर म्हणाले, "एकट्यानं कशाला लिहायचं? फाइल बनव, सगळ्यांना पाठव, सगळे मिळून लिहू." मी फाइल बनवली. समितीचे सदस्य, शिक्षक आणि मी, असे अकरा जण. शीर्षक टाकले, 'खुलासा'. खाली पान कोरे.

मुलांनी ज्या साधनावर तलावाची चोवीस पाने लिहिली, त्याच साधनावर आम्ही मोठ्यांनी पंधरा दिवस काम केले. त्याची नोंद साधनाने ठेवली आहे, आणि ती मी वाचून दाखवतो. फाइल एकूण चौसष्ट वेळा उघडली गेली. तीस जानेवारीला शीर्षक मधोमध आणले गेले. एकतीसला ते निळे झाले. दोन फेब्रुवारीला 'महोदय'च्या आधी 'मा.' घातले गेले. चारला समितीतल्या एका सदस्यांनी शेरा लिहिला, 'छान'. त्यावर दुसऱ्यांनी हात जोडल्याचे चित्र टाकले. सहाला शीर्षक पुन्हा काळे झाले. मजकूर: काही नाही. एक अक्षर नाही.

यातल्या तेवीस वेळा मी उघडली होती. माझ्या बोटांची नोंदसुद्धा आहे. मी 'महोदय'नंतरचा स्वल्पविराम काढला आणि दुसऱ्या दिवशी परत घातला. मला वाटत होते, सर लिहितील. सरांना वाटत होते, अध्यक्ष सांगतील. अध्यक्षांना वाटत होते, भुपेंद्रने भरलेच असेल. सात तारखेला भैय्यालालजी मला पानठेल्यावर भेटले आणि म्हणाले, "काय भाऊ, थे खुलाशाचं झालं ना?" मी म्हणालो, "फाइल चालू आहे." हेही खरेच होते.

मग आठ तारखेला कुणीतरी सुचवले की खुलाशाची भानगड कशाला, शकुनबाईंना सन्मानाने निरोपच देऊ. आणि हा निर्णय मात्र पाच मिनिटांत झाला. मंडपवाला सांगितला, हार सांगितले, नाश्ता सांगितला. खुलाशाला एक पान लागत होते, मंडळी, निरोपाचे शालीवर भागले.

शकुनबाईंना सांगितले काय? तर "बाई, लई वर्सं झाली, आता आराम करा." त्यांना पत्राबद्दल कुणी बोलले नाही. त्यांचे वय चौपन्न आहे. मी रेशनकार्डावर पाहिले आहे.

काल दुपारी त्या ग्रामपंचायतीत आल्या. दाखल्याचे काही काम नव्हते. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, दाराला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाबू, तू लिवनारा मानूस हायेस. तुले ठावं असंन. माह्यानं काय चुकलं?"

मी म्हणालो, "काही नाही, मावशी."

"नाही कसं? आपोआप कोनी काढते का? मीठ जास्त झालं होतं का त्या दिशी? साहेब आले होते, दोन घास खाऊन ताट ठेवलं होतं त्यायनं. तवापासून मले वाटून राहिलं का मिठाचंच हाये."

मावशी, आता या माइकवर सांगतो, सगळ्यांसमोर सांगतो. मीठ बरोबर होते. तुमचे काही चुकलेले नाही. तुम्ही मुलांना बसवले नव्हते, बसवू नका म्हणाला होतात. ठिकाण मी लिहिले. यादीतून तुमचे नाव सुटले तेव्हा मी गप्प राहिलो. आणि पत्र आल्यापासून पंधरा दिवस मी एक स्वल्पविराम आत-बाहेर करत बसलो. तुम्ही काल विचारले तेव्हा हे सांगायला हवे होते. मला तोंड उघडता आले नाही. मी कागद पुढे असला तरच बोलू शकतो, म्हणून आज कागद आणला आहे.

आणखी एक गोष्ट. काल तुम्ही गेल्यावर मी एक टॅब घेतला आणि शाळेला वळसा घातला. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून बावीस पावलांवर निंबाचे झाड आहे. झाडाखाली पूर्ण रेंज आहे. मी तीनदा पाहिली. जुलैत पाऊस होता म्हणून आम्ही आत गेलो. पाऊस संपला, दिवाळी झाली, धान कापून घरी आले, आणि आमच्यापैकी एकाही शिकलेल्या माणसाला दार उघडून बाहेर बघावेसे वाटले नाही.

बसा, हटवार साहेब, कृपया बसा. माझे पत्राविषयीचे बोलणे आता पूर्ण होते.

खुलाशाची मुदत आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत आहे. पाचनंतर खुलासा पाठवायची ऑनलाइन खिडकी बंद होते. आता चार वाजून बारा मिनिटे झाली आहेत. माझ्या मागे हा जो पडदा आहे, त्यावर माझ्या भाषणाबरोबर 'परिवर्तना'ची रंगीत चित्रे दाखवायची होती. ती मी लावलेली नाहीत. पडद्यावर दिसते आहे ती तीच फाइल. मी आज सकाळी तिच्यात पहिल्या तीन ओळी घातल्या आहेत. मागच्यांना दिसत नसेल, वाचतो.

'ठिकाणाची नोंद मी, भुपेंद्र, याने केली असून ती खरी आहे. मुलांना स्वयंपाकघरात शकुनबाईंनी बसवले नाही, रेंजसाठी शाळेने बसवले; त्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. उद्यापासून मुले निंबाखाली बसतील.'

माझ्या एकट्याच्या तीन ओळींनी काही होणार नाही, हे मला कळते. मी शाळेचा कुणी नाही. पुढचे वाक्य सरांचे हवे, कारण हरकत त्यांच्याजवळ घेतली होती. त्यापुढचे अध्यक्षांचे हवे. चौदा वर्षांत एकाही लेकराला बाधा झाली नाही, हे वाक्य इथे बसलेल्या कुठल्याही आईचे चालेल. अंगठा असला तरी चालेल, मी शेजारी नाव लिहीन. आणि मोना मॅडम, रकान्यांचा आणि 'सांगणारा, लिहिणारी'चा नियम कुणाच्या तोंडून आला, ते तुम्ही लिहावे. ते पत्रात मागितलेले नाही. तरी लिहावे.

खुलासा मान्य होईल की नाही, मला माहीत नाही. माहीत नसलेले मी भरत नाही. पण पान कोरे गेले तर काय होईल, ते पत्रात स्पष्ट आहे.

शाल घडी करून टेबलावर आहे. माझी विनंती आहे की ती पाच वाजेपर्यंत तशीच राहू द्यावी.

आपण मला इतका वेळ ऐकून घेतले, मंडपवाल्यांनी लाइट जाऊ दिली नाही, मुलांनी मधे टाळ्या वाजवून मला घाबरवले नाही, याबद्दल मी सगळ्यांचा आभारी आहे. माझ्या बोलण्यात कुणा वडीलधाऱ्याचा मान दुखावला असेल तर त्यांनी मला मुलगा समजून क्षमा करावी. बोलण्यातल्या चुका पोटात घाला. पडद्यावरच्या मात्र घालू नका, त्या आत्ताच सांगा, म्हणजे मला दुरुस्त करता येतील.

सर, माइक तुमच्याकडे देतो. तुम्ही सांगा, मी टाइप करतो. सावकाश सांगितले तरी चालेल. अठ्ठेचाळीस मिनिटे आहेत.